मोठीआईची चिठ्ठी

काटोलहून सकाळच्या एसटीनं मोठीआई आली तेव्हा मी जेमतेम तोंड धुतलं होतं. माझी ड्युटी संध्याकाळी साडेपाचला लागते आणि रात्री अडीचला सुटते, त्यामुळे सकाळचे नऊ ही माझी पहाट. मार्च लागला होता, ऊन तापायला लागलं होतं आणि कूलर अजून पुसून काढायचा होता. मोठीआई पाणीसुद्धा न घेता स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं आणि साडीच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

"पाळी पुन्हा सुरू झाली वं माय," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "या वयात! कोनाले सांगू नोको."

मोठीआई अठ्ठावन्न वर्षांची आहे. गावाकडच्या एका दवाखान्यात तिला पाच दिवसांच्या गोळ्या आणि ही चिठ्ठी मिळाली होती. चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या: 'अनियमित पाळी. स्त्रीरोग तपासणीसाठी पाठवत आहे.' खाली 'रूटीन' असं लिहून त्याभोवती गोल केला होता. तीच चिठ्ठी घेऊन ती आदल्या आठवड्यात माझ्या चुलतभावाबरोबर नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात जाऊन आली होती. खिडकीवर चिठ्ठी वाचून तिला एकवीस दिवसांनंतरची तारीख मिळाली होती.

मी विचारलं, "मोठीआई, पाळी गेली केव्हा होती?"

"प्रमोदच्या लग्नाच्या आंधीच गेली. त्या वर्षी मी देवाचं सगळं हातानं केलं नं."

प्रमोदच्या लग्नाला पाच वर्षं झाली. आमच्याकडच्या बाया वर्षं अशीच मोजतात, लग्नावरून, बाळंतपणावरून, कोणत्या साली संत्र्याचा मृग बहार गेला त्यावरून. पाच वर्षं पाळी नाही आणि आता अंगावर लाल जातंय. याला पाळी म्हणत नाहीत. मी त्या 'अनियमित पाळी'कडे बघत बसले. कारण रोज रात्री मी पगार घेते तो याच दोन शब्दांतला फरक ओळखण्याचा.

मी मेडिकल कोडर आहे. शिक्षण बीएचएमएस. सक्करदऱ्याला एका डॉक्टर मॅडमच्या हाताखाली चार वर्षं काढली, मग मुलगी झाली, मग कोडिंगची परीक्षा दिली आणि आता बेसा रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांतून अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांचं काम करते. माझ्याकडे मुख्यतः रेफरल असतात. तिकडचा डॉक्टर बाईला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवतो तेव्हा त्या रेफरलवर निदानाचा कोड लागतो. त्याशिवाय विमा कंपनी हलत नाही आणि पुढचा दवाखाना तारीख देत नाही. डॉक्टरनं लिहिलेली नोट आणि लावलेला कोड जुळतात की नाही हे बघणं माझं काम. नोकरी काय करतेस, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी सांगते, "आजाराला नंबर देते." त्यापेक्षा जास्त कुणी विचारत नाही. आज मला जास्तच सांगायचं आहे. खऱ्या पेशंटचं काहीही इथे येणार नाही. तो नियम आहे आणि मलाही तो पटतो, म्हणून पुढची तिकडची उदाहरणं माझी मीच जुळवलेली आहेत.

मोठीआईच्या तक्रारीला आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, स्वतःचा कोड आहे: एन ९५.०, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव. 'अनियमित पाळी' म्हणजे एन ९२.६. यादीत दोन्ही जवळजवळ आहेत, अर्थानं मात्र फार लांब. शेवटच्या पाळीला सलग बारा महिने झाले की पाळी गेली असं धरतात. त्यानंतर एक डाग पडला तरी तपास करायचाच असतो, कारण अशा दहा बायांत साधारण एकीच्या गर्भाशयाच्या अस्तरात कॅन्सर सापडतो. उरलेल्या नऊ जणींत अस्तर सुकलेलं असतं, पॉलिप म्हणजे अस्तरावरची लहानशी वाढ असते, नाहीतर दुसरं काही साधं कारण. पण आपण कोणत्या गटात आहोत हे त्या बाईला घरी बसून कळत नाही. बत्तीस वर्षांच्या बाईची पाळी मागेपुढे होत असेल तर तीन आठवडे थांबता येतं. मोठीआईला थांबवायला नको होतं.

चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला सगळा दोष देणं मला जमत नाही. ती तिथेही 'पाळी सुरू झाली' असंच म्हणाली असणार. समोर पन्नास माणसं, बाई लाजून पदराआड बोलते, 'पाळी' एवढं ऐकू आलं आणि 'पाळीचा त्रास' लिहून झाला. तिनं स्वतःच्या रक्ताला दिलेलं नाव चिठ्ठीत गेलं, चिठ्ठीतून खिडकीवर गेलं आणि खिडकीवर त्याची तारीख झाली. आपल्याकडे अशा चिठ्ठीवर कोड नसतो, पण कोडचं काम तिथे शब्दच करतो. पुढचा माणूस बाईकडे बघायच्या आधी कागदाकडे बघतो.

'रूटीन' या शब्दाबद्दल तर मला बरंच बोलायचं आहे.

रेफरलच्या फॉर्मवर प्राधान्याचा एक रकाना असतो. तिथे रूटीन किंवा अर्जंट निवडायचं. इथल्या रूटीनचा अर्थ एवढाच की घाई नाही, नेहमीच्या रांगेत घ्या. दुसरं रूटीन कोडच्या नावात आहे. झेड ०१.४१९ म्हणजे नेहमीची स्त्रीरोग तपासणी, काही वेगळं न आढळलेली. ती ज्या बाईला काहीच तक्रार नाही आणि जी वर्षाची तपासणी करायला जाते तिच्यासाठी. नव्या मुलींचा गोंधळ नेमका इथेच होतो. फॉर्मवर 'रूटीन, गायनॅक' दिसलं की हात आपोआप झेड ०१.४१९ वर जातो. नोटमध्ये मात्र लिहिलेलं असतं की दर महिन्याला आठ दिवस जातं, गाठी पडतात, हिमोग्लोबिन उतरलंय. त्या बाईचा कोड एन ९२.० हवा, पाळी वेळेवर पण जास्त. तिचं प्राधान्य रूटीन असू शकतं, तिची भेट रूटीन नाही.

मी शनिवारी दुपारी चार मुलींना शिकवते, घरीच, जेवणाच्या टेबलाभोवती. त्यातली एक फार्मसी झालेली, हिंगण्याहून येते. तिनं एकदा सरळच विचारलं, "मॅडम, दोन्हीकडे रूटीनच लिहून राहिले, मग झेड टाकलं तर जाते नं?" जाते. हीच तर भीती आहे. क्लेम जातो, रेफरलही जातो. समोरच्या दवाखान्यात बाईला वार्षिक तपासणीच्या वेळेत बसवतात, तिथे मोजकी मिनिटं असतात. बाई रक्तस्रावाबद्दल बोलायला लागली की सांगतात, त्यासाठी वेगळी वेळ घ्या.

उलटी चूक बाईच्या पैशाला लागते. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानंतर अमेरिकेत बहुतेक खासगी विम्यांना प्रतिबंधक तपासण्यांचा खर्च पूर्ण द्यावा लागतो, आणि स्त्रियांसाठीच्या बऱ्याच सेवा ऑगस्ट २०१२ पासून त्यात आल्या. आता एखादी धडधाकट बाई वार्षिक तपासणीला चालली आहे आणि कुणीतरी तिच्या जुन्या आजारांच्या यादीतून चार वर्षांपूर्वीचा एन ९२.० उचलून रेफरलला चिकटवला, तर तीच भेट तक्रारीची ठरते. मग तिला घरपोच बिल येतं. तिनं काहीही चुकीचं केलेलं नसतं. म्हणून मी शिकवताना पहिला प्रश्न हाच विचारायला लावते की ही बाई आज का चालली आहे. मागे काय झालं होतं ते नंतर बघायचं.

पॅप स्मिअरचाही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन करायच्या तपासणीचाही, असाच गुंता आहे. झेड १२.४ हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या चाळणी तपासणीचा कोड. पुष्कळ जण तो झेड ०१.४१९ च्या शेजारी लावतात, जास्त सांगितलं तर बरं असं वाटून. पण स्मिअर जर त्या सर्वसाधारण तपासणीचाच भाग असेल तर तो वेगळा लावायचा नाही. तशी मनाई त्या कोडखालीच लिहिलेली आहे. बाई फक्त स्मिअरसाठी चालली असेल तेव्हा झेड १२.४ एकटा जातो. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, चाळणी असेल तर झेड ११.५१ जोडायचा. आणि अजून तपासणी झालेलीच नाही तर झेड ०१.४११, म्हणजे 'काही आढळलं' हा कोड, आधीच लावायचा नाही. त्या क्षणी जेवढं माहीत आहे तेवढ्यावरच कोड ठरतो.

'त्या क्षणी जेवढं माहीत आहे तेवढं' हे वाक्य या कामातलं मला सगळ्यात आवडतं. बाहेरच्या रुग्णाच्या कोडिंगचा नियमच असा आहे की संशय, शक्यता, 'असू शकेल', 'नाही ना ते बघा' हे निदान म्हणून लिहायचं नाही. डॉक्टरच्या नोटमध्ये 'एंडोमेट्रिओसिस आहे का बघावे' असं असेल (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार), तर मी एन ८० च्या घरात पाऊल टाकत नाही. बाईनं काय सांगितलं? पाळीत असह्य दुखतं. मग एन ९४.६. ओटीपोट एरवीही दुखतं, तर तेही लिहा. लक्षण हा कमी दर्जाचा कोड आहे असं नव्या मुलींना वाटतं, मोठ्या आजाराचं नाव लावलं की काम पक्कं झालं असं वाटतं. माझं मत याच्या अगदी उलट आहे. लक्षण हे त्या बाईनं स्वतः दिलेलं असतं, ते खोटं ठरत नाही. अंदाजानं लावलेलं नाव उद्या तपासणीत खोटं ठरलं तरी तिच्या कागदातून जात नाही.

पीसीओडीचं बघा, म्हणजेच पीसीओएस, अंडाशयाशी जोडलेला पाळीचा विकार. आमच्या गल्लीतली एक मुलगी, वय सतरा. पाळी दोन-दोन महिने येत नव्हती. एका सोनोग्राफीवरून कागदावर आलं: पीसीओडी. तेव्हापासून तिची आई मला भाजीवाल्यापाशी गाठून विचारते, लग्नाचं बघताना सांगावं लागेल का हो, मूल होईल ना हो. त्या मुलीला पाळी सुरू होऊन पाचच वर्षं झाली आहेत. पहिल्या पाळीपासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे, कारण त्या वयात अंडाशय तसेच दिसू शकतात. तिच्यासारख्या मुलीचं रेफरल माझ्याकडे आलं असतं आणि नोटमध्ये 'पीसीओएस असावा' असतं, तर ई २८.२ मी लावला नसता. एन ९१.५, पाळी कमी वेळा येते, इतकंच गेलं असतं. चेहऱ्यावर केस वाढत असतील आणि डॉक्टरनं तसं लिहिलं असेल तर एल ६८.०. स्त्रीरोगतज्ज्ञ पूर्ण तपास करून म्हणाल्या की आहे, तर आहे. तोवर त्या मुलीच्या नावापुढे ते चिकटवायचा अधिकार मला नाही, आणि भाजीच्या गाडीपाशी त्याची चर्चा करायचा कुणालाच नाही.

आता कुणी म्हणेल, मग सगळ्यांना एन ९३.९ लावून मोकळं व्हा, 'अनिर्दिष्ट रक्तस्राव'. हाही आळसच. अनिर्दिष्ट कोड वाईट नसतो. माहिती खरंच नसेल तर तोच खरा. पण माहिती नोटमध्ये पडलेली असते आणि वाचायचा कंटाळा केलेला असतो, असंच मी जास्त पाहिलं आहे. पाळी वेळेवर येते आणि जास्त जाते, तर एन ९२.०. कधीही येते आणि जास्त जाते, तर एन ९२.१. पाळी जायच्या आसपासच्या वयात जास्त जाते, तर एन ९२.४. संबंधानंतर जातं, तर एन ९३.०, आणि हा कोड दिसला की स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशयमुखाकडे आधी बघतात. पाळी गेल्यावर जातं, तर एन ९५.०. पाचही जणी आपल्या तोंडानं एकच वाक्य म्हणतात, 'अंगावरून जातं'. आमच्या विदर्भात तर 'अंगावर जाणं' लालही असतं आणि पांढरंही. 'काय रंगाचं?' हा प्रश्न कुणी विचारला नाही तर रक्तस्रावाची बाई योनिस्रावाच्या एन ८९.८ मध्ये जाऊन बसते.

सक्करदऱ्याच्या दवाखान्यात मी हीच भाषा ऐकून वाढले, डॉक्टर म्हणून. 'पिशवीला सूज आहे' म्हणजे काहीही असू शकतं. 'अंग बाहेर येतं' म्हणजे गर्भाशय खाली उतरलंय, एन ८१ च्या घरात, आणि किती उतरलंय हे तपासल्याशिवाय पुढचा आकडा ठरत नाही. 'पिशवी काढली' यातून तर सगळ्यात कमी कळतं. गर्भाशयाबरोबर मुख काढलं की ठेवलं? अंडाशय ठेवले का? बाईला कुणी सांगितलेलंच नसतं. कोडिंगमध्ये हे सगळं वेगवेगळं मागतात. गर्भाशय आणि मुख दोन्ही नसेल तर झेड ९०.७१०, मुख राहिलं असेल तर झेड ९०.७११. ज्या बाईला गर्भाशयमुखच नाही तिला गर्भाशयमुखाच्या चाळणीसाठी पाठवलेलं रेफरल मी अनेकदा परत केलं आहे. मुख राहिलेल्या बाईला मात्र स्मिअर लागू शकतो, आणि 'पिशवी काढली, आता काय तपासायचं' म्हणून ती आयुष्यभर जात नाही. ऑपरेशन झालेल्या कुणी हे वाचत असाल तर जुन्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून ठेवा. त्या कार्डावर ते लिहिलेलं असतं.

तांबीचंही तसंच. तांबी काढायला पाठवतात तेव्हा झेड ३०.४३२, काढून त्याच वेळी नवी बसवायची तर झेड ३०.४३३. पण 'तांबीचा धागा सापडत नाही' म्हणून पाठवलं असेल तर प्रकरण वेगळं, टी ८३.३२ च्या खाली जातं आणि त्याला शेवटी पहिल्या भेटीचं अक्षर लागतं. धागा सापडत नाही याचा अर्थ तांबी जागची सरकलेली असू शकते. तिला तपासून, सोनोग्राफी करून शोधावं लागतं. 'काढायची आहे' असा कोड गेला तर समोरची डॉक्टर पाच मिनिटांच्या कामाची तयारी करून बसते.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर वाटेल की आम्ही कोडरच निदान करतो. तसं नाही. नोटमध्ये नाही ते मी लावू शकत नाही, मला कितीही कळत असलं तरी. बाईचं वय छप्पन, नोटमध्ये 'अनियमित पाळी', शेवटच्या पाळीची तारीख रिकामी, असं दिसलं तर मी एन ९५.० टाकून देत नाही. मी डॉक्टरला क्वेरी लिहिते. तीही अशी की उत्तर आपण सुचवलेलं नसेल: 'शेवटची पाळी केव्हा आली आणि रक्तस्रावाचे स्वरूप काय, हे कृपया नोंदवावे.' कधी दहा मिनिटांत उत्तर येतं, कधी दोन दिवस येत नाही. तोवर ते रेफरल माझ्या यादीत लाल दिसतं आणि माझा त्या दिवसाचा आकडा कमी भरतो. आमच्याकडे तासाला किती चार्ट झाले ते मोजतात. क्वेरी मोजत नाहीत. हे मला पटत नाही आणि मी ते माझ्या टीम लीडला दोनदा लिहून कळवलं आहे. एक क्वेरी लिहायला लागलेली सात मिनिटं हा या कामातला सगळ्यात उपयोगी वेळ आहे असं मी मानते, आणि शनिवारच्या मुलींनाही तेच शिकवते.

या यादीचा उगम मला मुद्दाम सांगावासा वाटतो. १८९३ साली झाक बेर्तियाँ या पॅरिसच्या संख्याशास्त्रज्ञानं मांडलेली ती पहिली यादी मृत्यूच्या कारणांची होती. माणूस कशानं मेला, एवढंच त्यात नोंदायचं. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सहावी आवृत्ती काढली तेव्हा जिवंत माणसाचे आजारही तिच्यात आले. बाईची पाळी जास्त जाते, पाळीत दुखतं, अंग बाहेर येतं, यानं बहुधा कुणी लगेच मरत नाही. मृत्यूच्या यादीत या त्रासाला कुठून जागा असणार? आज जे आहे ते बघा: जास्त आणि वेळेवर, जास्त आणि अवेळी, संबंधानंतर, पाळी गेल्यावर. इतके बारीक कप्पे कुणीतरी बसून केले. अमेरिकेत त्याच मूळ यादीचा अधिक बारीक केलेला अवतार १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरतात आणि दर ऑक्टोबरला त्यात नवे कोड येतात. आपल्याकडे मेडिक्लेमच्या फॉर्मवर रुग्णालयानं भरायच्या भागात आयसीडी-१० चा रकाना असतो. पुढच्या वेळी घरातलं कुणी भरती झालं तर तो भरलेला रकाना वाचून बघा. डी २५ दिसलं तर घाबरू नका, ती गर्भाशयाची साधी गाठ, फायब्रॉइड. कॅन्सरचे कोड सी पासून सुरू होतात.

मोठीआईला मी एकवीस दिवस थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर गेले. मेट्रोत ती पहिल्यांदाच बसली, सीताबर्डीला उतरताना माझा हात घट्ट धरून. चिठ्ठीवर मी एक अक्षर लिहिलं नाही. ते माझं काम नाही. खिडकीवर न जाता आतल्या सिस्टरला गाठलं आणि म्हटलं, "पाळी जाऊन पाच वर्षं झाली आहेत, आता बारा दिवसांपासून रक्त जातंय." सिस्टरनं चिठ्ठी वाचली, मग मोठीआईकडे बघितलं, मग परत चिठ्ठी वाचली. "हे तर लिहिलंच नाही इथे," म्हणाली आणि आम्हाला निवासी डॉक्टर मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. दीड तासात नंबर लागला. बाई तीच, रक्तही तेच होतं.

आतून सोनोग्राफी झाली. अस्तर अकरा मिलिमीटर. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल तर चारच्या आत असलं की सहसा धीर धरतात, त्यावर असलं की तुकडा तपासायला घेतात. मोठीआईला मी आकडा सांगितला नाही. ती रात्री माझ्या मुलीला गोष्ट सांगत बसली होती आणि मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर. त्या रात्री माझ्या यादीत तीन एन ९५.० होते. मी प्रत्येक नोट दोनदा वाचली.

पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून बघितलं आणि एक पॉलिप निघाला. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. साधा पॉलिप, कॅन्सर नाही. एन ८४.०. घरातल्या सगळ्यांनी म्हटलं, बघ, उगाच घाबरवलंस, काही निघालं का. मला तसं वाटत नाही. खिडकीवर तारीख मिळाली त्या दिवशी तिच्या पोटात काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच की पाळी पाच वर्षांपूर्वी गेली आणि आता रक्त जातंय. तेवढं चिठ्ठीवर यायला हवं होतं.

परत जाताना गणेशपेठच्या स्टँडवर, काटोलची गाडी लागेपर्यंत, तिनं मला वही मागितली. शेजारच्या एका बाईला असंच जातंय म्हणाली, ती कुणाजवळ बोलत नाही. "तू तिले सांगायचं तसं लिवून दे. मी वाचून दाखवीन." मी माझ्या डायरीचं पान फाडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: शेवटची पाळी कोणत्या वर्षी आली. आता किती दिवसांपासून जातंय. लाल की पांढरं. पिशवीचं ऑपरेशन झालं आहे का. तिनं पान वाचलं, लग्नाच्या वर्षावरून सांगितलं तर चालते का असं विचारलं, मी चालते म्हटलं. मग चौघडी करून त्या साडीच्या पिशवीत, रिपोर्टच्या शेजारी ठेवलं.